होळी ते पाडवा: घर मोकळं करायचं आणि रोज रंकाळा तलावावर जायचं

माझी आई पाडव्याची साफसफाई दोन दिवसांत उरकायची. कोल्हापुरात शुक्रवार पेठेतल्या आमच्या जुन्या घरात सोपा, माजघर, स्वयंपाकघर, माळा, मागचं परडं असं सगळं ती एकटी काढायची. पाडव्याला गुढी उभी राहिली, जेवणं झाली, की पाठ धरून ती जी आडवी व्हायची ती दोन-तीन दिवस उठायची नाही. घर लखलखीत आणि घर करणारी अंथरुणात. त्याच दिवसांत पन्हाळ्याच्या वाटेवर पांगारा आणि काटेसावर लाल होऊन उभे असायचे. ते बघायला ती कधी गेली नाही.

तिचे ते दोन दिवस डोळ्यांसमोर ठेवून मी माझी पद्धत बसवली आहे. रोज फक्त दीड तास आवरायचं, आणि तो दीड तास संपला की हात-पाय धुऊन वीस मिनिटं घराबाहेर, झाडाखाली किंवा पाण्याजवळ जायचं. बाहेर गेल्याशिवाय त्या दिवसाचं काम पुरं झालं असं धरायचं नाही. पंधरा दिवसांत घर पूर्ण होतं आणि पाडव्याला आपण उभे असतो.

पंधरा दिवस कुठले

होळी फाल्गुन पौर्णिमेला, पाडवा चैत्र शुद्ध प्रतिपदेला. मधला पंधरवडा आपला. वर्षाची मोठी साफसफाई आपण दसऱ्याआधी काढतोच, पण तेव्हा कोल्हापूरच्या पावसाची ओल भिंतीत, गाद्यांत, पुस्तकांत मुरलेली असते. फाल्गुनात ती पुरती सुकलेली असते. ऊन कडक असतं, पण वैशाखासारखं भाजून काढत नाही. एप्रिल सरायला लागला की दुपारनंतर आभाळ भरून येतं, वळीव कोसळतो, आणि गच्चीवर वाकळ, म्हणजे गोधडी, टाकली की जीव आभाळाकडे लागून राहतो. म्हणून वाळवायचं सगळं काम पाडव्याच्या आत.

एक गोष्ट बाहेरगावाहून इथे राहायला आलेल्यांना सांगावी लागते. आपल्याकडे रंग जोरात खेळला जातो तो रंगपंचमीला. त्यामुळे होळीनंतरचे पाच दिवस जिना, गच्ची, दर्शनी भिंत आणि पडदे यांना हात लावू नका. ते पाच दिवस कपाटं, कागद, औषधं आणि माळा. रंगपंचमी झाली की चार दिवस अंथरूण-पांघरूण आणि गच्ची. पुढचे चार दिवस स्वयंपाकघर. शेवटचे दोन न्हाणी, मोरी, खिडक्या आणि उंबरा.

आदल्या संध्याकाळी

कागद-पेन्सिल घेऊन घरभर एक फेरी मारा. प्रत्येक खोलीतलं खुपणारं फक्त तीन गोष्टींपुरतं लिहा. सगळं लिहायला बसलात तर यादी बघूनच दमाल. मग प्रत्येक कामापुढे घरातल्या एकेकाचं नाव घाला: पंखे आणि माळा उंच हाताच्या माणसाला, चपलांचा रॅक आणि दप्तरं पोरांना, रद्दी बांधणं आजोबांना. नाव लिहिलेलं काम होतं, ‘मदत कर’ म्हणून सोडलेलं काम बाईच्याच अंगावर येतं.

हे मी नुसतं भांडणापोटी सांगत नाही. अमेरिकेत २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जोडप्यांना आपापलं घर दाखवत त्याबद्दल बोलायला सांगितलं होतं. ज्या बायकांच्या बोलण्यात पसारा आणि अर्धवट राहिलेली कामं जास्त आली, त्यांच्या शरीरातलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक दिवसभरात जसं उतरायला हवं तसं उतरत नव्हतं. पसारा डोळ्यांना दिसतो तेवढ्यावर थांबत नाही, तो अंगात साठतो, आणि बहुतेक घरांत एकाच माणसाच्या अंगात साठतो.

पहिले पाच दिवस: कमी करणं

पुसायच्या आधी कमी करा. एका वेळी एकच कप्पा पूर्ण रिकामा करून जमिनीवर चादर पसरून त्यावर मांडा. तीन ढीग: राहणार, जाणार, आणि ज्याचं ठरत नाही ते. तिसऱ्यासाठी एक खोकं ठेवा, त्यावर ‘थांबा’ असं लिहा आणि तारीख घाला. प्रत्येक वस्तूशी अर्धा तास वाद घालत बसू नका. खोकं भरलं की दुसरं खोकं घ्यायचं नाही, एवढा एकच नियम.

कागदांना मात्र एक पूर्ण दिवस द्या, आणि आपल्या शहरात तर द्याच. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या तळमजल्यात पाणी शिरलं तेव्हा खालच्या फडताळातली मालमत्तेची कागदपत्रं, शाळेचे दाखले आणि जुने फोटो लगदा होऊन हाताला आले. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट असते, हे आकडे आपल्याकडे पोरांनाही पाठ असतात. पण ३९ फुटांची बातमी आल्यावर कागद शोधायला लागलं तर हात कापतात. म्हणून आत्ताच, कोरड्या दिवसांत, सात-बारा, खरेदीखत, विमा, दाखले, बँकेची पुस्तकं असं सगळं एका झाकण घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या पेटीत, प्रत्येक कागद जाड पिशवीत गुंडाळून ठेवा. फोनने फोटो काढून घरातल्या दुसऱ्या माणसाकडे पाठवून ठेवा. पेटी वरच्या मजल्यावर किंवा उंच कप्प्यात, आणि ती कुठे आहे हे घरातल्या सगळ्यांना माहीत. पूररेषेजवळच्या पेठांत राहत असाल तर खालच्या दोन कप्प्यांत फक्त भिजून चालेल असंच सामान: स्टीलची भांडी, प्लास्टिकचे डबे.

औषधांचा डबा उलटा करा. मुदत संपलेल्या गोळ्या, अर्ध्या सिरपच्या बाटल्या, आजीच्या जुन्या मलमांच्या ट्यूब. हे मोरीत ओतू नका, ते पाणी शेवटी नदीकडेच जातं. औषधं, ट्यूबलाइट, बॅटरीचे सेल, रंगाचे डबे हा घरगुती घातक कचरा. तो ओल्या-सुक्यात न मिसळता वेगळ्या पिशवीत बांधून, ‘घातक’ असं लिहून कचऱ्याच्या गाडीवरच्या माणसाच्या हातात द्यायचा. जुने मोबाइल, चार्जर, बिघडलेला मिक्सर ई-कचरा स्वीकारणाऱ्याकडेच द्या, तांब्यासाठी वायर जाळणाऱ्याच्या हाती जाऊ देऊ नका. आपण ‘टाकून दिलं’ म्हणतो ते कुठे जातं हे बघायचं असेल तर कसबा बावड्यात लाइन बाजारला झूम प्रकल्पाजवळून एकदा जाऊन या. कचऱ्याचा तो डोंगर बघितल्यावर मी दुकानात वस्तू उचलतानाच थांबायला लागले.

आणि माणसांच्या आठवणींचं सामान शेवटी काढा, पाचव्या दिवशी, मन जरा सरावलं की. आई गेल्यावर तिच्या साड्यांचं कपाट मी दोन वर्षं उघडलं नाही. उघडलं तेव्हा एक इरकल आणि एक नऊवारी ठेवली, चांगल्या होत्या त्या बहिणींत वाटल्या, आणि विरलेल्या सुती साड्या शाहूवाडीकडच्या एका मावशींना वाकळ शिवायला दिल्या. हाताने धावदोरा घालून त्यांनी ती महिन्याभरात शिवून दिली. आता ती रोज अंगावर असते. कपाटात बंद होती तेव्हा ती माझ्याजवळ नव्हती. तुमच्या घरात असं कपाट असेल तर हा मार्ग जरूर बघा.

वीस मिनिटांचं काय करायचं

२०१९ साली इंग्लंडमधल्या सुमारे २०,००० लोकांच्या माहितीवरून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्यात १२० मिनिटं किंवा जास्त वेळ निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत आणि मन चांगलं असल्याचं जास्त प्रमाणात सांगितलं. हा वेळ एकदम घालवला की तुकड्यांत, याने फरक पडला नाही. अशा अभ्यासातून निसर्गानेच तब्येत सुधारली असं सिद्ध होत नाही, धडधाकट माणसं बाहेर जास्त जातात हेही खरं. तरी आकडा हाताशी धरायला चांगला आहे. रोज वीस मिनिटं, सहा दिवस, झाले १२०.

मी संध्यामठाच्या बाजूने रंकाळ्यावर जाते. चौपाटीची भेळ आणि गर्दी वेगळी, तिचाही आनंद आहे, पण ती या वीस मिनिटांत धरू नका. सकाळी साडेसहाला कठड्यावर एक जागा धरायची, फोन खिशात, आणि पाण्यावर काय चाललंय ते बघायचं. पहिली पाच मिनिटं डोक्यात घरातली कपाटंच फिरतात. मग हळूहळू दिसायला लागतं: हळदीकुंकू बदकांची जोडी, काळे वारकरी, पंख पसरून वाळवत बसलेला पाणकावळा. नावं आली नाहीत तरी काही अडत नाही, रोज एक पक्षी नीट बघितला तरी पुरे.

रंकाळा लांब पडत असेल तर शिवाजी विद्यापीठाचा परिसर, कळंबा तलाव, टाउन हॉलची बाग. तेही जमत नसेल तर गल्लीतलं एकच झाड निवडा आणि पंधरा दिवस त्याच्याकडेच जा. पिंपळ असेल तर फारच छान. होळीला त्याची पानं गळत असतात, आणि पाडव्यापर्यंत तांबूस, ओलसर चकाकणारी पालवी आलेली असते. करंजाची पोपटी पालवी तर डोळ्यांना थंडावा देते. कडुनिंबाला बारीक पांढरा मोहोर येतो, संध्याकाळी त्याचा वास गल्लीभर असतो. दुपारी कुठून तरी ‘टुक टुक टुक’ असा ठोके घातल्यासारखा आवाज येत राहतो, तो तांबट पक्षी. कोकीळ त्याच्या आधीपासूनच बोलायला लागलेला असतो.

आवरण्याचं आणि या बघण्याचं नातं मला असं लागलं. कप्प्यातली एकेक वस्तू उचलून ठरवणं हे डोक्याला दमवणारं काम आहे, दीड तासात शे-दीडशे निर्णय होतात. पाण्याकडे बघताना काहीच ठरवायचं नसतं. परत आल्यावर उद्याचा कप्पा काढायची ताकद आलेली असते.

रंगपंचमीनंतर: सगळं उन्हात

आता गच्ची. आधी खराट्याने कोरडी झाडा, मग पाणी. पाणी जायची पन्हळ आणि जाळी हात घालून साफ करा. पालापाचोळा तिथेच अडकतो आणि जूनमध्ये छतातून गळती सुरू होते. भिंतीवर, छताला गेल्या पावसाचे पिवळे डाग असतील तर वॉटरप्रूफिंगवाल्याला आत्ताच बोलवा. भिंत कोरडी असताना केलेलं काम टिकतं. कौलारू घर असेल तर फुटकी कौलं बदलून शाकारणी वळवाच्या आधी. भिंतीला काळी बुरशी असेल तर ती कोरडी खरवडू नका, तिचे कण हवेत उडून छातीत जातात. नाका-तोंडाला मास्क, खिडक्या उघड्या, आणि साबणाच्या पाण्याने ओलं करून पुसा.

गाद्या-उशा सकाळी अकरा ते तीन उन्हात, दीड-दोन तासांनी उलट्या करून, लागोपाठ दोन दिवस. गादीत राहणारे धुळीतले अतिसूक्ष्म किडे, ज्यांनी सकाळी शिंका आणि दम्याचा त्रास वाढतो, ते दमटपणावर जगतात. कोरडं ऊन आणि जोरात झटकणं याने ते कमी होतात. उशांचे अभ्रे आणि चादरी गरम पाण्यातून काढता आल्या तर उत्तम, ६० अंशांच्या पाण्यात ते मरतात. कापसाची गादी दबून कडक झाली असेल तर कापूस पिंजून पुन्हा भरून घ्या, नवी घ्यायची गरज नसते. झटकणाऱ्याने नाकाला रुमाल बांधायचा, आणि दमेकऱ्याने त्या वेळी खाली अंगणात थांबायचं.

वाकळा धुणं हे दोन माणसांचं काम. ओली वाकळ एकट्याने उचलायला गेलात तर कंबर धरणारच. टबात तासभर भिजवा, पायाने तुडवा, मग कठड्यावर टाकून निथळू द्या. पिळायच्या भानगडीत पडू नका. पूर्वी हे ओझं डोक्यावर घेऊन बायका पंचगंगेच्या घाटावर जायच्या. ती मजा मी लहानपणी अनुभवली आहे, तरी आता नदीवर, तलावावर धुणं नेऊ नका. साबणाच्या पावडरी पाण्यात गेल्या की शेवाळ आणि जलपर्णी माजते, आणि ती वाढली की पाण्यातला प्राणवायू कमी होऊन मासे मरतात. ज्या पाण्याकाठी वीस मिनिटं बसून आपल्याला बरं वाटतं, ते आपणच घाण करायचं नाही.

स्वयंपाकघर आणि चटणीची बरणी

कोल्हापुरात या दिवसांत स्वयंपाकघर साफ करायचं ते वर्षाची चटणी आणि वाळवणं डोळ्यांसमोर ठेवून. बेडगी रंगाला, संकेश्वरी किंवा लवंगी तिखटाला, अशा मिरच्या आणून उन्हात पसरायच्या, मग डंकावर कुटून आणायच्या. त्या आधी चिनीमातीच्या बरण्या गरम पाण्याने धुऊन, पालथ्या निथळून, दोन दिवस तोंड वर करून कडक उन्हात. आत थोडा जरी दमटपणा राहिला तरी चटणीला बुरशी धरते, आणि वर्षाची मेहनत वाया जाते. जुनी चटणी उरली असेल तर नवीत मिसळू नका.

नव्या शाळूचं, गव्हाचं पोतं घ्यायच्या आधी डबे, कणग्या रिकाम्या करून कोपरे ब्रशने काढा. जुन्या धान्याचे चार दाणे आणि पिठाची धूळ राहिली की तिथूनच नव्यात पोरकिडे होतात. धान्य उन्हात देऊन, पूर्ण थंड झाल्यावरच भरा. गरम भरलं तर डब्यात वाफ धरते. सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला थरांमध्ये घाला. पाडव्याला कडुनिंब आणायचाच असतो, जरा जास्त आणा.

तांब्या-पितळेला चिंच किंवा लिंबू-मीठ. आंबट पदार्थ वरचा काळपट थर विरघळवतो. मग लगेच स्वच्छ धुऊन फडक्याने कोरडं करा, तसंच राहिलं तर हिरवट डाग पडतात. पण हेच लिंबू, व्हिनेगर किंवा कुठलंही ॲसिड शहाबादी फरशीवर, कडप्प्याच्या ओट्यावर आणि संगमरवरावर चुकूनही टाकू नका. हे तिन्ही चुनखडीच्या जातीचे दगड. आंबटाने त्यांचा पृष्ठभाग खाल्ला जातो, चमक जाते ती परत येत नाही. त्यांना साध्या साबणाचं कोमट पाणी.

न्हाणीघरासाठी एक इशारा, आणि हा कृपा करून घरातल्या, कामाला येणाऱ्या मावशींना समजावून सांगा. संडास धुवायचं ॲसिड आणि ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करायचं नाही. दोन्ही मिळून क्लोरीन वायू तयार होतो, बंद न्हाणीत तो जिवावर बेतू शकतो. एक वापरलं की भरपूर पाणी टाका, दुसरं दुसऱ्या दिवशी. कपड्यांत डांबरगोळ्या टाकत असाल तर तान्ह्या बाळाच्या दुपट्यांत, कपड्यांत अजिबात नकोत. काही बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्याने फुटतात. तिथे वाळलेला कडुनिंबाचा पाला सुती पुरचुंडीत बांधून ठेवा. आणि पंखा पुसताना खुर्चीवर स्टूल ठेवून चढू नका. घोडा, म्हणजे दोन बाजूंची शिडी आणा, खाली कुणीतरी धरायला हवं.

मध्ये एक पूर्ण दिवस सुट्टी

पंधरा दिवसांतला एक दिवस झाडूला हात लावायचा नाही. आम्ही पन्हाळ्याला जातो, शहरापासून साधारण २० किलोमीटर, एसटी आहे. सकाळी लवकर निघा, रविवार टाळता आला तर बरं. केर्ली, वाघबीळ ओलांडून घाट लागला की वाऱ्यात फरक कळतो. आम्ही तीन दरवाजाकडून पुसाटी बुरुजापर्यंत रमतगमत चालतो, भाकरी आणि खर्डा बरोबर असतो. दहा-साडेदहापर्यंत चालणं उरकून सावली धरा, मार्चच्या शेवटी पारा ३५ अंशांपुढे जातो. माणशी दोन लिटर पाणी, टोपी.

मसाई पठार या दिवसांत कोरडं असतं, फुलांसाठी सप्टेंबरातच जा. सध्या तिथलं गवत काडीसारखं वाळलेलं असतं आणि एका विडीच्या थोटकाने सबंध डोंगर पेटतो. फाल्गुन-चैत्रात आपल्या डोंगरांवर रात्री दिसणाऱ्या वणव्यांच्या रांगा बघवत नाहीत, त्यात जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्यांची अंडी-पिल्लं जळतात. चूल पेटवू नका, कुठे धूर दिसला तर वनविभागाला १९२६ वर फोन करा. जोतिबाला निवांत बसायचं असेल तर चैत्र यात्रेच्या बरेच दिवस आधी. यात्रेचं चांगभलं आणि गुलाल हा अनुभव मोठा आहे, पण त्यात शांतता शोधू नये. जास्त वेळ असेल तर दाजीपूर: राधानगरी अभयारण्याचं ते दाट जंगल, २०१२ पासून जागतिक वारशात आहे. परवानगी काढून जायचं, आणि गवा दिसला तर लांबूनच बघायचा, फोटोसाठी पुढे सरकायचं नाही.

पाडव्याच्या दिवशी आणि नंतर

शेवटच्या दिवशी फक्त उंबरा, दार आणि गुढीची जागा. बाकी जे राहिलं ते राहू द्या. सकाळी गुढी, कडुनिंबाची कोवळी पानं गूळ, ओवा, हिंगाबरोबर वाटून सगळ्यांच्या हातावर, आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून रंकाळा. पाडव्याला घरातली बाई त्या फेरीला आली पाहिजे, ती स्वयंपाकघरात अडकली तर पंधरा दिवसांच्या आखणीत काहीतरी चुकलं, पुढच्या वर्षी कामाच्या यादीतली नावं बदला.

कुंभार गल्लीतून मातीची एक पसरट थाळी आणून गच्चीच्या सावलीच्या कोपऱ्यात पक्ष्यांसाठी पाणी ठेवा. दोन बोटं खोल पुरे, मधे एक खडबडीत दगड, म्हणजे छोट्या पक्ष्याला पाय टेकता येतो. रोज पाणी बदला, चार दिवसांनी घासा, नाहीतर डास होतात. सकाळी पाणी बदलायला वर गेलात की पाच मिनिटं तिथेच उभं राहा, पंधरवडा संपल्यावर बाहेरची सवय अशी चालू राहते.

‘थांबा’ लिहिलेलं खोकं माळ्यावर टाका आणि दसऱ्याच्या साफसफाईला उतरवा. या सहा महिन्यांत ज्या वस्तूसाठी कुणी माळ्यावर चढलं, ती ठेवा. बाकीचं खोकं पुन्हा चाळत बसू नका, तसंच बांधून गरजूंपर्यंत पोचवा.